काल काय झालं?

मालिका मनापासून बघणारा माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. तो मालिकेला सतत नावं ठेवत असतो. आमची आई ८४ वर्षांची आहे. रात्रीची जेवणं उरकली की ती टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसते आणि पुढचे दोन तास पडद्यावरच्या माणसांची खरडपट्टी काढते. "अगं बयो, दार लावून बोल ना, ती बघ मागे उभी राहून ऐकतेय." "एवढा मोठा वकील आणि घरातलं कळत नाही?" "मिटवा की आता, किती दळण दळाल?" एखाद्या रात्री वीज गेली आणि भाग चुकला, की सकाळी सात वाजता मावशीला फोन. मावशीच्या गुडघ्याची चौकशी नंतर. आधी, "काल काय झालं गं?"

मीही त्याच घरातली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मराठी मालिका बघत आले आहे. काही आवडीने, काही चिडून, बऱ्याचशा दोन्ही करत. या काळात एक वाक्य दर चार-पाच वर्षांनी नव्याने कानावर पडतं: "मालिका पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत." २००३ साली लोक हेच म्हणत होते, २०१३ सालीही म्हणत होते, आणि आज त्याच २००३ च्या मालिकांची आठवण काढून म्हणतात. तेव्हा बिघडलं ते नेमकं काय, कधीपासून, आणि बिघडलं असेल तर आम्ही उठून का जात नाही, हे एकदा नीट बघावं म्हणून हा खटाटोप. माझं मत आधीच सांगून टाकते. कटकारस्थानं, पुनर्जन्म, मंगळसूत्र हातात धरून केलेल्या प्रतिज्ञा हे सगळं आम्हाला पचतं. संगीत नाटकं आणि तमाशे पचवलेल्या लोकांना भडकपणाचं काय भय? पचत नाही ती थांबायचं विसरलेली गोष्ट.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. गिरगावातल्या आमच्या चाळीत टीव्ही यायला पुढे बरीच वर्षं लागली, आणि आला तोही मजल्यावर एकच, कोपऱ्यातल्या बिऱ्हाडात. 'चिमणराव' असायचं त्या संध्याकाळी तिथल्या काकू लोखंडी खाट भिंतीला उभी करून ठेवायच्या, नाहीतर माणसं बसणार कुठे. १९७७ साली आलेल्या त्या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चि. वि. जोशींच्या कथा आमच्या चाळीतल्या मोठ्या माणसांना जवळपास पाठ होत्या, त्यामुळे ती यायची तीच परीक्षक होऊन. काऊ अशी नाही, मोरू असा नाही, गुंड्याभाऊच्या मिशा आणखी हव्या होत्या. मात्र प्रभावळकर आणि कर्वे पहिल्याच फेरीत पास झाले. इतके, की आज पुस्तक उघडलं तरी चिमणरावाचा आवाज प्रभावळकरांचाच ऐकू येतो. लेखकाचं पात्र नटाने असं पळवून नेलं की तो त्या लेखकाचा अपमान समजायचा की गौरव, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या काळाचं कौतुक करताना एक गोष्ट आपण विसरतो. मालिकांना शेवट होता याचं श्रेय कलावंतांइतकंच सरकारी फायलीलाही आहे. दूरदर्शनवर मंजुरी मिळायची ती तेरा-तेरा भागांच्या हिशेबाने. फाईल संपली की गोष्ट संपवणं भाग. ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'वर राजदत्तांनी केलेली मालिका मोजक्याच भागांची होती, पण जॉय घाणेकर हा मुलगा एका अख्ख्या पिढीचा धाकटा भाऊ होऊन गेला. 'एक शून्य शून्य'मध्ये पोलीस तपासाच्या गोष्टी असायच्या. गुन्हेगार सापडला की प्रकरण बंद. बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम ही जोडी तिथूनच पुढे १९९८ साली 'सीआयडी'त गेली आणि आमचे साटम देशभराचे पोलीस अधिकारी झाले.

तो काळ सोन्याचा होता असं मात्र मी म्हणणार नाही. 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' ही पाटी आम्ही काही मालिकांपेक्षा जास्त वेळ पाहिली आहे. पात्रं बहुतेक दादर-पुण्याची, भाषा छापील, आणि शेतकरी दिसायचा तो 'आमची माती आमची माणसं'मध्ये, खतांविषयी बोलताना. पण गोष्टीला काठ होते. त्या काठाला पहिली चीर 'दामिनी'ने पाडली, आणि आम्ही ती टाळ्या वाजवत पाडू दिली. मराठीतली ही पहिली दैनंदिन मालिका. प्रतीक्षा लोणकरची पत्रकार दामिनी रोज घरी यायला लागली तेव्हा कुठे आम्हाला कळलं की आठवड्याने येणारा पाहुणा असतो, त्याच्यासाठी आपण घर आवरतो. रोज येणाऱ्याची सवय होते. मग त्याच्यासमोर भाजी निवडता येते, आणि त्याने कालचंच पुन्हा सांगितलं तरी हुंकार देता येतो.

१५ ऑगस्ट १९९९ ला 'अल्फा मराठी' सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी आली. त्या पहिल्या तीन-चार वर्षांत जे झालं त्याच्या आठवणीवर माझी पिढी अजून जगते. 'आभाळमाया'चं शीर्षकगीत लागलं की चाळीतले आवाज थांबायचे. अशोक पत्कींच्या चालीत काहीतरी होतं, ते ऐकूनच बायका पदर सावरून बसायच्या. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई येते तेव्हा ती काय करते, हा त्या मालिकेचा कणा. हीच जखम घेऊन २०१६ साली 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका आली आणि २०१९ च्या अखेरीस 'आई कुठे काय करते'मधली अरुंधती. तिघी एकापाठोपाठ ठेवून बघितल्या की वीस वर्षांचा बराच हिशेब लागतो. सुधा दुःख गिळायची, तिच्या गप्प राहण्याला वजन होतं. राधिका नागपूरची, ठसक्याची, तिने मसाल्यांचा धंदा काढला आणि बघता बघता तो शेकडो कोटींचा झाला. आमच्या सोसायटीतल्या महिला मंडळात त्या आकड्यावर जितके विनोद झाले तितके सरकारच्या अर्थसंकल्पावरही झाले नसतील. अरुंधती पंचविशी उलटलेल्या संसारातून उठून गाणं शिकायला, नोकरी करायला बाहेर पडली. तिच्याविषयी पुढे बोलायचं आहे.

अल्फाच्या त्या काळातल्या दोन मालिका मला सर्वांत जवळच्या. पहिली प्रतिमा कुलकर्णींची 'प्रपंच'. समुद्राजवळचं एक घर, 'आश्रय' नावाचं, त्यात तीन पिढ्या, सुधीर जोशी आणि प्रेमा साखरदांडे यांच्यासारखी माणसं, आणि घडायचं फारसं काही नाही. कुणाला चहा मिळाला नाही, कुणाला वेगळं राहावंसं वाटलं, एवढंच. भांडण व्हायचं ते दोन बरोबर असलेल्या माणसांमध्ये. खलनायक नसलेली मालिका चालू शकते हे तिने दाखवलं, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत ते फार थोड्या लोकांच्या लक्षात राहिलं.

दुसरी अर्थातच 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या लेखनावर बेतलेली, केदार शिंदेंनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१ साली आली. चिमणरावानंतर दोन तपांनी तेच प्रभावळकर आता आजोबा होऊन आमच्या घरात बसले. शुभांगी गोखलेंची श्यामला, राजन भिसेंचा शेखर, शिऱ्या, शलाका आणि आबा, एवढाच पसारा. विनोद कशात होता? आबा स्वतःला घरातला सर्वांत समंजस माणूस समजतात आणि बाकीचे चौघेही स्वतःला तेच समजतात, यात. एकही पात्र विनोद करायला म्हणून तोंड उघडत नसे. आमच्या वडिलांनी आयुष्यात एकच मालिका नेमाने बघितली ती ही, आणि त्यांची कायम तक्रार असे की शेखर आपल्या बापाशी जरा जास्तच तुटकपणे बोलतो. मला ती तक्रार कुणासाठी होती ते उशिरा कळलं.

आता 'चार दिवस सासूचे'. ईटीव्ही मराठीवर २००१ मध्ये सुरू झालेली ही मालिका संपली जानेवारी २०१३ मध्ये. भाग तीन हजारांच्या वर. नाव चार दिवसांचं आणि मुक्काम अकरा वर्षांहून जास्त. म्हणीप्रमाणे पुढचे चार दिवस सुनेचे यायला हवे होते, पण तोपर्यंत सुनेलाच सुना येण्याची वेळ झाली. मी हे हसण्यावारी नेते आहे खरी, पण रोहिणी हट्टंगडींनी त्या सासूला जो आब दिला तो विसरता येत नाही. ॲटनबरोंच्या 'गांधी'मध्ये कस्तुरबा झालेली ही अभिनेत्री रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन किल्ल्यांचा जुडगा सांभाळत होती. पुढे 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये त्याच भागीरथी गोखले झाल्या, सगळ्या घराची आईआजी. नट मालिकेपेक्षा मोठा असला की लेखनातली चाळण दिसत नाही. ती दिसते तो बाहेर गेल्यावर.

शेवट कुठे हरवला याचा शोध इथूनच घ्यायचा. कारणं कलेतली कमी आणि हिशेबातली जास्त आहेत. घोडबंदर रोडला, मढला किंवा गोरेगावच्या चित्रनगरीत एकदा बंगल्याचा सेट उभा राहिला की त्याचा खर्च जितक्या जास्त भागांवर पसरेल तितका बरा. नवी मालिका म्हणजे जुगार. जुनी थोडी उतरलेली असली तरी तिचा प्रेक्षक माहितीचा. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून, आणि त्या आकड्यांवर पुढच्या आठवड्यांची गोष्ट हलते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आधी प्रोमो ठरतो, मग तिथवर पोचायची वाट लिहिली जाते. बारा-तेरा तासांच्या शिफ्टमध्ये रोज एक भाग उरकायचा असतो. या घाण्यात गोष्ट वाईट निघते याचं मला नवल वाटत नाही. अधूनमधून चांगली निघते याचं वाटतं.

पाणी घालण्याचेही प्रकार आहेत. सर्वांत सोपा म्हणजे एका वाक्यावर तीन चेहरे तीनतीनदा दाखवणं. विजा कडाडतात त्या वेगळ्या. दुसरा स्मृतिभ्रंश, अपघात, हुबेहूब दिसणारी बाई. तिसरा प्रकार काळाचाच. 'होणार सून'मधली जान्हवी गरोदर राहिली आणि मग महिने गेले, ऋतू गेले, तिला नववा काही लागेना. मोबाईलवर तिच्या बाळंतपणाचे विनोद इतके फिरले की मालिका न बघणाऱ्यांनाही तिच्या तब्येतीची माहिती असे. आमच्या शेजारची सून त्याच सुमारास गरोदर राहिली, बाळंत झाली, बारसं झालं, मुलीला पहिला दात आला. जान्हवी होती तिथेच. आणि तरीही तेजश्री प्रधान आणि शशांक केतकर यांची ती सुरुवातीची ओळख, ते अवघडून बोलणं, अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणूनच राग येतो. जी मालिका मुळात भिकार आहे तिच्यावर कोण रागावतं?

थांबल्या त्यांचं काय झालं? जानेवारी २०१२ मध्ये 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आली आणि त्याच ऑगस्टमध्ये संपलीसुद्धा. चिन्मय मांडलेकरांचं लेखन, सतीश राजवाडेंचं दिग्दर्शन, मुक्ता बर्वेची राधा आणि स्वप्नील जोशीचा घना. दोघं कराराने लग्न करतात, घरच्यांना थापा मारतात, आणि हळूहळू थाप खरी होत जाते. त्यातली माझी आवडती गोष्ट म्हणजे घनाचं, काळ्यांचं घर. जेवणाच्या टेबलावर सात-आठ माणसं एकाच वेळी बोलायची आणि तरी कोण काय म्हणालं ते कळायचं. हे लिहिणं किती अवघड असतं ते स्वतःच्या घरात एकदा कान देऊन ऐकलं की समजतं. मालिका संपली त्या रात्री आईने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "एवढ्यात?" मालिकेला याहून मोठं प्रशस्तिपत्र मी ऐकलेलं नाही. २०१५ ची 'दिल दोस्ती दुनियादारी' वर्षभराच्या आत आवरली. एका फ्लॅटमध्ये राहणारी सहा पोरं, अमेय वाघचा कैवल्य, सखी गोखलेची रेश्मा, आणि घरभाडं कसं भरायचं याची खरीखुरी चिंता. मराठी मालिकेत पैशांची चिंता सहसा कंपनी बुडाल्यावरच करतात. इथे ती महिनाअखेरीची होती. सखी ही शुभांगी गोखलेंची मुलगी. श्यामला टिपरेची लेक भाड्याच्या घरात राहायला गेली असा तो सगळा मामला आम्हाला वाटला.

'असंभव' आणि 'अग्निहोत्र' यांना याच रांगेत बसवावं लागेल. दोन्हींना एक कोडं होतं आणि कोड्याला उत्तर होतं. 'अग्निहोत्र'मध्ये विक्रम गोखले, विनय आपटे अशा बुजुर्गांनी वाड्याला वजन दिलं. नातू जुन्या गणपतींचा माग काढत कुटुंब गोळा करतो ही कल्पनाच इतकी मराठी की तिला परक्या मसाल्याची गरज पडली नाही.

बिघडल्याच्या तक्रारीत एक सुधारणा कुणी मोजत नाही, ती भाषेची. दूरदर्शनची छापील मराठी मोडून मालिका गावोगाव गेल्या त्या गेल्या दहा-बारा वर्षांतच. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली, सावंतवाडीजवळच्या आकेरीच्या वाड्यात. मालवणी बोलणारी माणसं रोज रात्री महाराष्ट्रभर ऐकू येऊ लागली. कोकणाची बदनामी होते म्हणून तिकडे सुरुवातीला कुरकुरही झाली. मला भुताखेतांपेक्षा प्रल्हाद कुडतरकरांचा पांडू आठवतो, काहीही विचारलं की 'इसरलंय' म्हणणारा. लेखनात हात असलेल्या माणसानेच स्वतःला विसरभोळा नोकर केलं होतं. दुसऱ्या पर्वात माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता आली. पहिल्या पर्वात ज्याचा नुसता मृत्यू आपण पाहिला होता त्या माणसाचं जगणं मागे जाऊन दाखवणं ही हिंमत होती. माणूस मरणार हे ठाऊक असताना लोक दोन वेळचं जेवण आटपून त्याला बघायला बसत. मग कोल्हापूरची 'तुझ्यात जीव रंगला', साताऱ्याची 'लागिरं झालं जी', राधिकेची वऱ्हाडी. या बोली कधीकधी शिकवल्यासारख्या वाटतात, प्रत्येक वाक्याला शेपूट लावल्यासारख्या. पण आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी कराडच्या. त्यांनी 'लागिरं' बघून एकदा सांगितलं, "ताई, हे लोक आमच्यासारखं बोलतात." त्या आधी टीव्ही बघताना कधी बोलत नसत.

शेवट ठाऊक असलेल्या मालिकांची गंमत निराळी. 'स्वराज्यरक्षक संभाजी' २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रातल्या पोराटोरांनाही माहीत होतं की हे १६८९ च्या मार्चमध्ये कुठे जाऊन पोचणार. अमोल कोल्हे मालिका चालू असतानाच २०१९ मध्ये शिरूरचे खासदारही झाले. शेवटचे भाग जवळ आले तसे अनेकांनी बघणं सोडलं. आईने तर स्पष्ट सांगितलं की मला ते बघवायचं नाही, तू बघ आणि संपलं की सांग. 'उंच माझा झोका'मध्ये रमाबाई रानडे लहान असतानाच्या भागांत तेजश्री वालावलकरने जी लकेर पकडली होती तिच्यापुढे पुढचा भाग थोडा फिका वाटला, पण अक्षर ओळखायला शिकणारी नऊवारीतली मुलगी रोज संध्याकाळी लोकांनी बघितली, हे थोडं नाही.

आणि 'सावित्रीजोती'. सोनी मराठीवर जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेली ही मालिका त्याच डिसेंबरात बंद झाली, प्रतिसाद पुरेसा नाही म्हणून. ओंकार गोवर्धनचे जोतिराव आणि अश्विनी कासारच्या सावित्रीबाई. अभ्यास करून लिहिलेलं, घाई नसलेलं काम. मालिका थांबल्या नाहीत म्हणून मी इतका वेळ कुरकुरते आहे, तर इथे उलटं झालं: जिला पुढे जायचं होतं, जिच्यापाशी सांगायला अजून कितीतरी होतं, तिला रस्त्यात उतरवलं. दोष एकट्या वाहिनीला देता येत नाही. त्या वेळी आमच्या घरात दुसरं काय लावलेलं असायचं ते मला आठवतं.

त्याच वर्षी मार्चमध्ये कोविडच्या टाळेबंदीने चित्रीकरणं थांबली. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंदी आली तेव्हा बरीच मराठी पथकं गोव्याला गेली, मे महिन्यात तिथूनही परवानगी गेली, मग आणखी कुठे. घरातली भांडणं एकदम रिसॉर्टच्या हिरवळीवर व्हायला लागली. सप्टेंबर २०२० मध्ये साताऱ्याकडे मालिकेचं चित्रीकरण चालू असताना आशालता वाबगावकर कोविडने गेल्या. त्या बातमीनंतर काही दिवस आई पडद्यावरच्या कुणालाही रागावली नाही.

टाळेबंदीनंतर आकड्यांत स्टार प्रवाह पुढे गेली, आणि तिच्या बऱ्याच गोष्टी बाहेरून आलेल्या. 'आई कुठे काय करते' बंगालीतल्या 'श्रीमोयी'वरून, 'ठरलं तर मग' तमिळ 'रोजा'वरून, 'रंग माझा वेगळा' मल्याळममधून. दुसऱ्या भाषेतून गोष्ट आणणं हा गुन्हा नाही. आपली अर्धी रंगभूमी रूपांतरांवर उभी आहे. प्रश्न रोपाला माती कोणती मिळाली हा असतो. मुग्धा गोडबोलेंच्या संवादांनी आणि मधुराणी प्रभुलकरच्या थांबून बोलण्याने अरुंधती आमची झाली. तिने 'समृद्धी' बंगला सोडला त्या आठवड्यात महिला मंडळात दोन तट पडले, आणि ज्या बायका "एवढं काय झालं होतं" म्हणत होत्या त्यांचा आवाज चढा होता. तिचा नवरा, मिलिंद गवळींचा अनिरुद्ध, पक्का दुष्ट नव्हता, आमच्या ओळखीचा होता, म्हणून तर. तिचं दुसरं लग्न झालं, आशुतोष झालेला ओंकार गोवर्धन आवडला. तिथे थांबायला हरकत नव्हती. पुढे त्या आशुतोषला अपघातात मारून टाकलं आणि अरुंधती पुन्हा पहिल्या सासरच्या, देशमुखांच्या उंबऱ्यात. पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ अखेर मालिका संपली. तोवर माझ्यासारख्या बऱ्याच जणी मनातल्या मनात तिला आधीच निरोप देऊन बसल्या होत्या.

'ठरलं तर मग'चं लग्नही कराराचंच. घना आणि राधाची गाठ आठ महिन्यांत सुटली. इथे सायली हीच खरी तन्वी, हे आम्हाला सुरुवातीपासून माहीत आणि घरच्यांना वर्षानुवर्षं कळेना. जुई गडकरी गोड काम करते, वाद नाही. पण एकच गुपित इतकी वर्षं सांभाळायला प्रेक्षकाला लावणं म्हणजे पाहुण्याच्या हातात बाळ देऊन आत निघून जाण्यासारखं आहे.

म्हणूनच मला वाटतं की या काळात विनोदाने जास्त तग धरला. प्रहसन दहा-पंधरा मिनिटांत संपतं. संपावंच लागतं. २०१४ पासून जवळजवळ दहा वर्षं चाललेल्या 'चला हवा येऊ द्या'मध्ये निलेश साबळेंनी थुकरटवाडी वसवली, भाऊ कदमांच्या निव्वळ उभं राहण्यावर लोक हसले, आणि मध्येच सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगतापांचं पत्र वाचायला लागला की हसणाऱ्याचा हात डोळ्यांकडे जायचा. तोटे होतेच. पुरुषाला साडी नेसवली की विनोद झाला असं समजायचं, जाडेपणावर आणि काळ्या रंगावर फेकलेल्या कोट्या, पाहुण्या नटाची आरती. शेवटी शेवटी तोही घाणा झाला. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ मध्ये आली. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांनी तिथे नाटकवाल्यांची तालीम टीव्हीवर आणली. समीर चौघुले नुसता दारातून आत येतो त्यात तीन विनोद असतात. नम्रता संभेराव, प्रसाद खांडेकर, 'फिल्टरपाड्याचा बच्चन' गौरव मोरे. चाळीतून, झोपडपट्टीतून, एकांकिका स्पर्धांतून आलेली ही माणसं आपापली गल्ली सोबत घेऊन आली. परीक्षक हसताहेत हे वारंवार दाखवणं थांबवलं तर मी त्यांना शंभरपैकी ऐंशी देईन. आपण कुठे हसायचं ते आम्हाला कळतं; गिरगावात शिकलो आहोत.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, २०२५ साली, 'ठरलं तर मग'मधल्या पूर्णा आजी, ज्योती चांदेकर गेल्या. आईला मी दोन दिवस सांगितलं नाही. तिने मावशीकडून ऐकलंच. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आता त्या घरात मोठं कोण?"

परवा पावसात रात्रभर वीज नव्हती. मावशी मुलाकडे नाशिकला गेलेली, फोन लागेना. सकाळी चहाबरोबर आईचा प्रश्न आला, "काल काय झालं गं?" मीही बघितलं नव्हतं. पण म्हटलं, एकदा आपणच मिटवून टाकू. सांगितलं: सगळ्यांना सगळं कळलं, खोटीला घराबाहेर काढलं, खऱ्याचं खरं झालं, सगळे एकत्र जेवायला बसले आणि आता मालिका संपणार.

आईने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं.

"थापा मारू नकोस. एवढ्यात कसं मिटेल?" म्हणाली, आणि सकाळचं पुनःप्रक्षेपण किती वाजता असतं ते विचारायला लागली.